प्रतिनिधीचा रकाना

कोणत्याही समाजाची प्रगती मोजायची असेल, तर त्या समाजात एका जागची किती माती उचलून दुसऱ्या जागी टाकली जाते ते पाहावं, असं आमच्या संस्थेचं ठाम मत आहे. या मापानं आमचा जालना जिल्हा बराच पुढं गेलेला आहे. (कुठं गेला, हा प्रश्न आमच्या अखत्यारीत येत नाही.) रस्ता होतो, मग पाइपासाठी तो उकरला जातो, मग तो बुजवला जातो, मग बुजवलेलं खचलं म्हणून पुन्हा उकरला जातो. या सगळ्या उकराउकरीत एक अन्याय मात्र कुणाच्या नजरेत आला नव्हता. माती टोपलीनं वाहायची होती तोवर ती बाईच्या डोक्यावर होती. टोपली जाऊन यंत्र आलं आणि यंत्राला खुर्ची आली, त्या दिवशी माती बाप्याकडं गेली.

हा अन्याय दूर करण्यासाठी आमच्या संस्थेनं 'महिला अवजड यंत्रचालक प्रशिक्षण केंद्र' उघडलं. मी त्याचा समन्वयक. समन्वयक म्हणजे ज्याच्याकडं कशाचीच किल्ली नसते, पण किल्ली हरवली की पहिल्यांदा ज्याला विचारलं जातं, तो.

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब. त्यांनी यापूर्वी अनेक महिलांना शिवणयंत्राचं प्रशिक्षण दिलेलं असल्यामुळं ते या क्षेत्रात नवखे नव्हते. शिवणयंत्र आणि पोकलेन यांत ते मुळात फरक मानत नाहीत. दोन्हींत एक दात खाली-वर होतो, हे त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात सोदाहरण पटवून दिलं. कार्यालय जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानाच्या वर. प्रशिक्षणाचं मैदान परतूरच्या अलीकडं, सहा एकर मुरमाड माळ. यंत्र एक, पिवळं. प्रशिक्षणार्थी चोवीस. शिकवायला फहीम उस्ताद, वीस वर्षं पोकलेनवर काढलेला माणूस. उस्तादांना फारसं बोलता येत नाही, हा शिक्षक म्हणून त्यांच्यातला एक दोष. त्यांना यंत्र खरोखर चालवता येतं, हा दुसरा. त्यानं पुढं बऱ्याच अडचणी झाल्या.

प्रवेशासाठी आम्ही फार कागद मागितले नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, रक्तगट, नवऱ्याचं संमतीपत्र, सासऱ्याचं ना हरकत, सासू असल्यास तिचा अंगठा, आणि प्रशिक्षणाच्या काळात सकाळचा स्वयंपाक कोण करणार याचं हमीपत्र, एवढंच. संमतीपत्राची मुदत नव्वद दिवस ठेवली. संमती ही दुधासारखी असते, फार दिवस ठेवली की नासते, असं काकासाहेबांचं निरीक्षण आहे.

गणवेशासाठी समिती नेमली. समितीच्या चार बैठका झाल्या. साडी हवी की पँट, यावर पहिल्या तीन बैठकांत एकमत झालं नाही, म्हणून चौथीत दोन्ही बाजूंचा मान राखण्यात आला: खाली साडी, साडीवर बाप्याचा शर्ट, शर्टावर चकाकतं जाकीट, डोक्यावर पदर आणि पदरावर हेल्मेट. शिवण्याचं काम मस्तगडच्या एका शिंप्याला दिलं. चोवीस बायांची मापं शिंप्यानं घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही वजनावरून आणि उंचीवरून एका सरासरी बाईचं माप काढून दिलं. दुर्दैवानं त्या मापाची बाई बॅचमध्ये एकही नव्हती.

आता मुख्य प्रश्न राहिला प्रात्यक्षिकाचा. एवढ्या मोठ्या यंत्रावर, चारचौघांदेखत, बाईनं एकदम चढायचं म्हणजे तिच्या घरच्यांना कसं वाटेल, याचा विचार संस्थेला करावा लागतो. बाईला कसं वाटेल, याचाही विचार झाला असता. पण तोवर बैठक संपली. उपाय काकासाहेबांनीच सुचवला. ते म्हणाले, गावोगावी बाई सरपंच आहे. भिंतीवर तिच्या नावाची पाटी असते आणि खुर्चीत तिचा नवरा असतो. म्हणून काही अडतं का? ग्रामसभा होते, ठराव होतात, सव्वीस जानेवारीला झेंडा वेळेवर वर जातो. राज्यकारभार जर असा चालतो, तर पोकलेननं काय घोडं मारलंय?

हा युक्तिवाद आम्ही एकमतानं मंजूर केला. लगेच प्रवेशअर्जात एक रकाना वाढवण्यात आला: 'प्रात्यक्षिकासाठी उमेदवाराचा प्रतिनिधी (पुरुष)'. कंसातला शब्द मी सुचवला होता. गैरसमज नको.

अशा तऱ्हेनं प्रशिक्षणाची शास्त्रशुद्ध विभागणी झाली. सकाळी वर्ग, तो बायांसाठी. त्यात यंत्राचे भाग, तेलपाणी, सुरक्षेचे नियम. दहा वाजता प्रात्यक्षिक, ते नवऱ्यांसाठी. नवरे खुर्चीत बसत आणि बाया यंत्रापासून तीस फुटांवर फक्कीनं आखलेल्या वर्तुळात उभ्या राहून निरीक्षण करत. वर्तुळाबाहेर पाऊल टाकायला मनाई होती, कारण सुरक्षेचे नियम फक्त त्यांनाच माहीत होते.

नवरे वर्गाला येत नसल्यामुळं कोणता दांडा कशाचा, हे त्यांना ठाऊक नसे. मग वर्तुळातून मार्गदर्शन होई. तृप्ती नावाची एक चुणचुणीत प्रशिक्षणार्थी होती. तिचा नवरा सोमेश्वर खुर्चीत बसला की ती खालून एकसारखी सांगे, "अवो, डावा मागं घ्या. डावा. तो जेवायचा हात झाला, दुसरा." उंटावरून शेळ्या हाकणं आम्ही ऐकून होतो, जमिनीवरून उंट हाकण्याचा प्रयोग जिल्ह्यात पहिल्यांदा आमच्याकडं झाला.

बायांचा यंत्राशी प्रत्यक्ष संबंध येऊ दिला नाही, असा आरोप पुढं काहींनी केला. तो साफ खोटा आहे. रोज सकाळी यंत्र धुवायचं काम त्यांच्याकडंच होतं. ग्रीस भरायचं कामही त्यांच्याकडं दिलं, कारण त्यानं हात काळे होतात आणि नवऱ्यांना पुढं जेवायचं असे. रोज एका सुवासिनीनं यंत्राच्या दातेरी बकेटला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा, अशी प्रथा काकासाहेबांनी पाडली. खंडेनवमीला तर यंत्राला तेवीस हार घालण्यात आले. शिवाय छायाचित्रं आहेत. पहिल्या महिन्यात तीनशे बारा छायाचित्रं काढली. त्यांतल्या तीनशे नवांत खुर्चीवर बाई बसलेली आहे. (इंजिन बंद. उरलेल्या तिन्हींत काकासाहेब आहेत.)

तर चोवीस बाया आणि तेवीस नवरे, असा हिशेब होता. चोविसावी बेबीनंदा.

परतूरजवळच्या एका खेड्यातली, एकतीस वर्षांची. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. एक मुलगी, शालू, सातवीत. गावाजवळच्या तलावातला गाळ काढायचं काम घेतलेल्या कंत्राटदारानं बेबीनंदाला शब्द दिला होता, की कागद घेऊन ये, मशीनवरची जागा तुझी. घरचा कारभार दीर देवानंदकडं. त्यानं संमती दिली, पण अट घातली: नव्वद दिवसांत कागद आला तर ठीक, नाही आला तर घरात पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही. संमतीसोबत राखण म्हणून त्यानं सासूला, म्हणजे गोजरबाईंना, रोज बरोबर पाठवायचं ठरवलं. गोजरबाई मैदानाच्या कडेच्या दगडावर बसून दिवसभर मिश्री लावत. सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून आल्या होत्या, पण त्यांचं लक्ष मी बहुतेक वेळा यंत्राकडंच पाहिलं.

विधवेचा प्रतिनिधी कोण, याची तरतूद नियमात नव्हती. आम्ही सहानुभूतीनं विचार करून दिराला मान्यता दिली. देवानंद पहिल्या दिवशी पांढरे कपडे घालून आला, खुर्चीत बसला आणि बेबीनंदा खालून काही सांगायच्या आत त्यानं दोन्ही दांडे एकदम ओढले. बकेट गरकन फिरली आणि फाटकावरच्या आमच्या पाटीला लागली. पाटीचं फार नुकसान झालं नाही. 'महिला' एवढा एकच शब्द तुटून खाली पडला. तो अजून बसवलेला नाही; पाटी आता वस्तुस्थितीला धरून आहे, असं आमच्या संचालक मंडळाचं मत पडलं.

देवानंद त्यानंतर आला नाही. यंत्राची नजर चांगली नाही, असं त्यानं कळवलं.

इथून आमची अडचण सुरू झाली. बेबीनंदा विधवा असल्यामुळं तिला यंत्राची पूजा करता येत नव्हती. हळदकुंकवाच्या वेळी ती मागं उभी राही. नवरा नसल्यामुळं प्रतिनिधीही नव्हता. वर्तुळात उभं राहून मार्गदर्शन करावं, तर खुर्चीत कुणी नाही. तेव्हा सगळे सभ्य मार्ग बंद झाल्यामुळं यंत्राशी तिचा एकच संबंध शिल्लक राहिला. तो म्हणजे यंत्र चालवणं.

अर्थात हे आम्ही होऊ दिलं नसतं. पण पोकलेनला एक मीटर असतो. इंजिन किती तास चाललं, ते तो दाखवतो, आणि तो मागं फिरवता येत नाही. प्रत्येक उमेदवाराच्या नावावर वीस तास भरायचे होते, आणि तपासणीत नोंदवही आणि मीटर जुळायला हवेत. बेबीनंदाचे वीस तास कुणीतरी चालवल्याशिवाय मीटर जुळणार नव्हता. मी फहीम उस्तादांना म्हणालो, तिच्या नावावर तुम्हीच फिरवा वीस तास. उस्तादांनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाले, "सर, मीटरला बाईमाणूस, गडीमाणूस बिलकुल कळत न्हाई. मंग तिलाच बसू द्या की."

हा मीटरमधला तांत्रिक दोष आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी मान हलवली. (मान हलवल्याची कुठं नोंद होत नाही, हे प्रशासनातलं फार मोठं सुख आहे.)

बेबीनंदाचे तास दुपारी एक ते दोन, नवरेमंडळी जेवून लिंबाखाली आडवी झाल्यावर. उस्तादांची शिकवायची तऱ्हा अडाणी होती. ते जेवणाच्या डब्याचं झाकण जमिनीवर ठेवायचे आणि सांगायचे, बकेटचा दात या झाकणाला टेकव, पण झाकण वाकता कामा नये. वीस टनांचं यंत्र आणि तीन बोटांचं झाकण. पहिल्या दिवशी चार झाकणं चेपली. दुसऱ्या दिवशी दोन. उस्तादांच्या घरी डब्यांना झाकणं उरली नाहीत, तेव्हा गोजरबाईंनी आपल्या मिश्रीच्या डबीचं झाकण काढून दिलं. ते लहान होतं, आणि ते वाकलं नाही. बेबीनंदानं दात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. गोजरबाई उठल्या, झाकण उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं, डबीला लावलं आणि पुन्हा दगडावर जाऊन बसल्या.

वर्तुळातल्या तेवीस जणी ते पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी निरीक्षणाच्या वहीत काहीच लिहिलं नाही, म्हणून मला त्यांना ताकीद द्यावी लागली.

परीक्षा अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी ठेवली. परीक्षक बाहेरगावचे, वयस्क, अत्यंत काटेकोर. त्यांचं बोट कायम अर्जावरच्या ओळीवर असे. प्रात्यक्षिक सोपं होतं: बारा फूट लांबीची सरळ चर खणायची आणि निघालेली माती ट्रॉलीत भरायची. परीक्षकांनी पहिलं नाव पुकारलं, "तृप्ती सोमेश्वर." झुपकेदार मिशांचा सोमेश्वर उठला आणि म्हणाला, "हजर." परीक्षकांनी अर्जावरचं छायाचित्र पाहिलं, मिशा पाहिल्या, प्रतिनिधीच्या रकान्यातली सही पाहिली आणि पुढं लिहिलं, 'ओळख पटली.' काटेकोरपणा म्हणतात तो हा.

सोमेश्वरची चर सुरुवातीला सरळ गेली आणि मग शेजारच्या शेताकडं वळली. एकानं माती भरताना ट्रॉली आडवी केली. एकानं खणायचं तिथं बुजवलं. पण लेखी परीक्षा बायांनी दिलेली होती आणि तिच्यात सगळ्यांना नव्वदच्या वर गुण होते. दोन्हींची सरासरी काढल्यावर तेवीसच्या तेवीस जणी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या. प्रतिनिधी व्यवस्थेचा विजय तो हाच. नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाकं आहेत, हे आजवर लग्नपत्रिकेत वाचलं होतं; गुणपत्रिकेत पहिल्यांदाच दिसलं.

शेवटचं नाव बेबीनंदाचं. ती उठली. परीक्षकांनी तिच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. त्यांना वाटलं, प्रतिनिधी लघवीला वगैरे गेला असेल, त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. तोवर तिनं साखळी तपासली, तेल पाहिलं, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि चढून इंजिन सुरू केलं. तिच्याआधी कुणीही ती फेरी मारली नव्हती. (तो नियम वर्गात शिकवलेला होता.)

चर कशी झाली, हे मी सांगणार नाही. समन्वयकानं पक्षपात करू नये. एवढंच सांगतो, की चरीच्या कडेवर दोरी धरली तर दोरीच वाकडी वाटली असती. मातीचं एक ढेकूळ ट्रॉलीबाहेर पडलं नाही. शेवटी तिनं बकेट जमिनीवर इतकी हळू टेकवली, की लिंबाखाली झोपलेला कुत्रा उठलासुद्धा नाही. परीक्षकांनी शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन कापले, कारण हेल्मेटखालचा पदर घसरला होता.

मग त्यांचं बोट खाली सरकत प्रतिनिधीच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. रकाना कोरा होता.

"इथं सही नाही," ते म्हणाले.

मी परिस्थिती समजावून सांगितली. परीक्षकांना मनापासून वाईट वाटलं. ते दुष्ट नव्हते, मीही नाही, काकासाहेब तर मुळीच नाहीत. परीक्षक म्हणाले, अर्ज अपूर्ण ठेवता येत नाही, पण मार्ग आहे. कुणीही जबाबदार पुरुषानं सही केली तरी चालेल, यंत्र कुणी चालवलं ते मी विचारणार नाही. हे ऐकताच मैदानात माणुसकीला जो पूर आला, तो मी विसरणार नाही. सोमेश्वर पुढं आला. ट्रॉलीचा ड्रायव्हर आला. लिंबाखालचे नवरे उठून आले. काकासाहेब स्वतः पेन काढत म्हणाले, पोरी, मला बाप समज. मी मोजलं, सही करायला अकरा पुरुष तयार होते. फहीम उस्ताद तेवढे जागचे हलले नाहीत. मी त्यांना खुणावलं, तर ते म्हणाले, "म्या तिला शिकवलं, सर. तिच्या जागी बसलो न्हाई."

गोजरबाई दगडावरून उठल्या आणि टेबलापाशी येऊन अंगठा पुढं केला. परीक्षकांनी त्यांना कंसातला शब्द वाचून दाखवला. गोजरबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

"ज्याची सही पायजे व्हती त्याला म्याच जल्म दिल्ता," त्या म्हणाल्या. "त्याच्यापरीस माझा अंगठा हलका कसा काय झाला?"

परीक्षकांनी नियमावली उघडून पाहिली. अंगठ्याच्या वजनाबद्दल तिच्यात काही नव्हतं.

बेबीनंदा टेबलापाशी आली. अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. एका सहीवर कागद होता, कागदावर जागा होती, जागेवर तिच्या मुलीची पुढची सगळी वर्षं होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. त्या मैदानावर ते तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिनं माझ्याकडं हात पुढं केला. मला वाटलं, आता ही माझं पेन त्यांतल्या कुणालातरी देणार. मी पेन दिलं.

"मशीन म्या चालवलं, साहेब," ती परीक्षकांना म्हणाली. "दुसऱ्या कुणी चालवलं म्हणून लिहू देणार न्हाई. सही बी माझीच ऱ्हाईल."

आणि तिनं प्रतिनिधीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश लिहिलं, सातवी शिकलेल्या हातानं, पूर्ण नाव.

आपला हात जगन्नाथ, ही म्हण म्हणून ठीक आहे. अर्जात ती चालत नाही. उमेदवार स्वतःचाच प्रतिनिधी असू शकत नाही, हा साधा तर्क आहे. परीक्षकांनी जड अंतःकरणानं शेरा लिहिला: 'प्रात्यक्षिक उत्कृष्ट. प्रतिनिधीविना. अनुत्तीर्ण.' मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही, हे मी इथं मोकळेपणानं सांगतो. बायकोनं कारण विचारलं. मी सांगितलं. तिनं माझ्यापुढचं ताट उचललं.

प्रमाणपत्र वितरण थाटात झालं. तेवीस जणींना प्रमाणपत्र, नारळ आणि साडी देण्यात आली. निकाल शंभर टक्के लागला, असं अहवालात नमूद आहे. अपूर्ण अर्ज टक्केवारीत धरत नाहीत. रोजगाराचे आकडे तर याहून बोलके आहेत. आजघडीला आमच्या एकोणीस महिला निरनिराळ्या कामांवर अवजड यंत्रं चालवत आहेत. प्रमाणपत्र बायकोच्या नावाचं असल्यामुळं हजेरीपटावरही नाव बायकोचंच लागतं. एका साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आमच्या चार भगिनी एकत्र राहतात आणि सकाळी एकाच आरशात दाढी करतात. मुकादमानं 'वंदना' म्हणून हाक मारली की घोगऱ्या आवाजात 'ओ' येतो, आणि आता कुणी हसत नाही. खऱ्या तृप्तीचं प्रमाणपत्र तिच्या घरी गॅसच्या वर टांगलेलं आहे. फोडणीचे शिंतोडे उडू नयेत म्हणून तिनं त्याला प्लॅस्टिक लावलं आहे. मी एकदा चहाला गेलो असता ती मला पोकलेनच्या फिल्टरबद्दल दहा मिनिटं सांगत होती. चहा उतू गेला.

तलावाच्या कामावरची जागा कंत्राटदारानं फार दिवस रिकामी ठेवली नाही. तिथं आता तृप्ती आहे. म्हणजे सोमेश्वर. त्याला अजून डावा-उजवा पक्का झालेला नसल्यामुळं खाली झेंडी घेऊन उभं राहून सांगणारं माणूस लागतं. त्या कामाला कोणताही कागद लागत नाही, म्हणून ते बेबीनंदाला मिळालं. ती तीस फुटांवर उभी राहते आणि झेंडी हलवते. यंत्र तिच्या झेंडीप्रमाणं वळतं, झुकतं, उचलतं. महिला सक्षमीकरणाचं याहून बोलकं छायाचित्र आमच्याकडं नाही. ते आम्ही अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतलं आहे.

नव्वद दिवस केव्हाच संपले. देवानंदनं घरात तसं जाहीर केलं, तर गोजरबाई म्हणाल्या, माझ्या मोजणीनं अजून झाले न्हाईत. म्या अमावस्या, एकादशी अन् सणवार धरीत न्हाई. गोजरबाईंना मोजता येत नाही, असं देवानंद सगळ्यांना सांगत फिरतो. मला तसं वाटत नाही.

बेबीनंदा दर महिन्याला कार्यालयाचा जिना चढून येते आणि एक अर्ज देते: प्रतिनिधीचा रकाना काढून टाकावा. आम्ही तिचा अर्ज दर वेळी आदरपूर्वक परत करतो, कारण त्या अर्जाच्या नमुन्यातही खाली तो रकाना आहे आणि तो तिनं भरलेला नसतो. ती अर्ज घडी करून पिशवीत ठेवते. पुढच्या महिन्यात पुन्हा येते. फहीम उस्ताद आता संस्थेत नाहीत. जाताना त्यांनी डब्याची चेपलेली झाकणं तेवढी नेली.

असो. हे सर्व सांगण्याचं कारण असं, की बेबीनंदाची फेरपरीक्षा येत्या महिन्यात आहे. नव्यानं काही खणायचं नाही. अठ्ठ्याण्णव गुण कायम आहेत, अर्ज तयार आहे, एका सहीची तेवढी उणीव आहे. आणि वाचकहो, आपली मला खात्री आहे. त्या टेबलापाशी, अकरा पुरुष पुढं सरसावले तेव्हा, आपणही मनातल्या मनात म्हणालात, 'अगं बाई, करू द्यायची होती की कुणालातरी! एका सहीनं काय जातं? पोरीकडं तरी बघायचं.' लाजू नका. अत्यंत समंजस विचार आहे. आमचं संचालक मंडळ याच विचारावर उभं आहे. रकाना राहू द्या आणि बाईनं जरा समजुतीनं घ्यावं, असं ज्यांना वाटलं ते सर्व सभासद होण्यास पात्र आहेत. त्या दिवशी अकरा होते, आपण बारावे. वाचक भगिनींनाही तसंच वाटलं असल्यास त्यांनी आपला प्रतिनिधी पाठवावा.

वेळ सकाळी अकराची आहे. येताना पेन आपलं आणावं. माझं त्या दिवशी बेबीनंदानं घेतलं, ते तिनं अजून परत केलेलं नाही.